उणे चाळीसचा ताळा

मलकापुरात थंडी पडते ती प्रथम वर्तमानपत्रात पडते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटला, की महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठून त्यांचे हिमकण झाल्याचे छायाचित्र पहिल्या पानावर झळकते, आणि ते पाहताक्षणी आमच्या आगाशिवनगरातील, त्या सकाळपर्यंत अर्ध्या बाह्यांच्या बनियनमध्ये बिनतक्रार वावरणारी समस्त वडीलधारी मंडळी कपाटांच्या तळाशी कानटोप्या शोधू लागतात. ज्यांचा वर्तमानपत्रांवर भरवसा नाही ते खोबरेल तेलाच्या बाटलीचा हवाला घेतात. बाटली उलटी करूनही आतला ऐवज जागचा हलेनासा झाला, की थंडी सरकारदप्तरी रुजू झाली असे समजून ती बाटली उन्हात, आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून आपणही उन्हात बसावे, असा येथील प्रघात आहे. पारा तेव्हा तेरा-चौदा अंशांवर असतो, ही गोष्ट कोणी बोलून दाखवू नये.

मी स्वतः उभी हयात मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य असून पहाटेच्या थंडीशी माझा समोरासमोर परिचय असा एकदाच, तोही लहानपणी, 11 डिसेंबर 1967 रोजी चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. कोयनेच्या भूकंपाने सारे कराड-मलकापूर अंथरुणातून उचलून अंगणात आणून उभे केले तेव्हा. त्या पहाटे कोयनानगरात जे घडले तो थट्टेचा विषय नव्हे. परंतु धरणी थांबल्यावर आमच्या अंगणात उच्चारले गेलेले पहिले वाक्य, “आधी पोराच्या कानाला काहीतरी गुंडाळा,” हे होते, एवढे मात्र नमूद करून ठेवणे अगत्याचे आहे.

अशा या शीतभीरू कुळात जन्मलेला आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा – घरात त्याला बाळ म्हणतात, तो सहा फूट उंच असला तरी – वयाच्या सोळाव्या वर्षी रोटरीच्या विद्यार्थी-विनिमय योजनेत निवडला गेला, आणि एक शालेय वर्ष काढण्यासाठी त्याला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी नेमके मिनेसोटा हे संस्थान मिळाले. या योजनेचा श्रीगणेशा 1927 साली फ्रान्समधील नीस येथील क्लबाने केला, ही माहिती मुलाखतीसाठी बाळाने इतक्या वेळा घोकली होती, की झोपेतही तो नीस, नीस म्हणत असे आणि आमच्या मातोश्रींना तो शिंकतो आहे असे वाटून त्या उठून त्याच्या अंगावर गोधडी घालीत. निवडीबरोबर नियमांचा कागद आला. मद्यपान करावयाचे नाही, मादक पदार्थांना शिवावयाचे नाही, मोटार हाकावयाची नाही आणि प्रेमात पडावयाचे नाही, अशी चार कलमे त्यात होती. मातोश्रींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पाचवे कलम तोंडी जोडले.

“आन् ओल्या डोस्क्यानं भाईर पडायचं न्हाई.”

पुढे वर्षभरात बाळाला खरोखर उपयोगी पडले ते हे पाचवे कलमच, कारण ओले केस घेऊन बसच्या थांब्यावर उभ्या राहिलेल्या त्याच्या एका वर्गबंधूच्या बटा जागच्या जागी गोठून ताठ झालेल्या त्याने याचि डोळा पाहिल्या.

निवडीचे वृत्त गावात पसरताच घरी सल्लागारांची रीघ लागली. एवढ्या लहान वयात पोर परदेशी धाडणे धर्माला आणि प्रकृतीला धरून आहे काय, असा सवाल प्रथम निघाला, त्यावर मी दाखला दिला की 1918 साली धर्मानंद कोसंबींनी आपल्या दामोदराला, तो अवघा अकरा वर्षांचा असताना, अमेरिकेस नेऊन मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजच्या शाळेत घातले, आणि त्याच मुलाने पुढे 1929 मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन गणितापासून इतिहासापर्यंत सर्व शास्त्रांच्या पंडितांची झोप उडवली. हा दाखला सभेस मानवला. त्या भरात मी 1883 साली बोटीने गेलेल्या आनंदीबाई जोशांकडे वळणार, इतक्यात वहिनींनी माझ्यासमोर चहाचा पेला अशा काही आवाजात ठेवला, की मी तो विषय तहकूब केला.

त्यानंतर मूळ मुद्दा निघाला, तो थंडीचा. ज्या विषयाचे ज्ञान जितके कमी तितका त्यावरील सल्ला तपशीलवार, हा नियम आमच्याकडे फार कसोशीने पाळला जातो. एका निवृत्त एस. टी. चालकांनी महाबळेश्वरच्या आगारात काढलेल्या रात्रीच्या आधारे मिनेसोटाचे हवामान समजावून दिले. प्रवासी कंपनीबरोबर मनालीस जाऊन भाड्याच्या कोटात छायाचित्र काढून आलेल्या एका गृहस्थांनी, बर्फात पाय कसा टाकावा याचे प्रात्यक्षिक आमच्या ओसरीवर करून दाखविले आणि ते पाय घसरून पडले. फरशी नुकतीच पुसली होती. कोणी ओव्याची पुरचुंडी आणली, कोणी निलगिरीचे तेल, आणि मातोश्रींच्या माहेरून माणदेशी लोकरीची एक अस्सल घोंगडी आली, जिचा वास तिच्याआधी उंबऱ्यात आला.

विमानाच्या सामानाला तेवीस किलोंची मर्यादा. घोंगडी, तीन स्वेटर, शेंगदाण्याची चटणी, लसणीचा ठेचा आणि यजमानांसाठी साताऱ्याचे कंदी पेढे हे सर्व एकत्र तोलले तेव्हा काटा मर्यादेच्या पलीकडे जाऊन तेथेच स्थायिक झाला. तेव्हा जे अंगावर घातले जाते त्याचे वजन होत नाही, असा कायदेशीर मुद्दा मी काढला. परिणामी भर ऑगस्टात, मुंबईच्या त्या घामट, कोंदट रात्री, आमचा बाळ दोन स्वेटर, त्यावर क्लबाचा गडद निळा कोट, गळ्यात मफलर आणि खांद्यावर घोंगडी अशा थाटात विमानतळाच्या दारातून आत गेला. दारावरच्या शिपायाने त्याला नखशिखांत न्याहाळले.

“कुठं, काश्मीर?”

“नाही. मिनेसोटा.”

“तिथं आत्ता थंडी आहे?”

“नाही,” बाळ घाम पुसत म्हणाला, “नोव्हेंबरात पडेल.”

त्या निळ्या कोटाविषयी येथेच सांगून टाकतो. जगभरच्या विनिमय-विद्यार्थ्यांना असा कोट असतो, आणि भेटेल त्या देशाच्या विद्यार्थ्याशी बिल्ल्यांची अदलाबदल करून ते बिल्ले कोटावर टाचत जावयाचे, हा त्यांचा शिरस्ता आहे. वर्षाअखेर बाळ परत आला तेव्हा कोटाचे मूळ कापड दिसत नव्हते, आणि लग्नसराईतल्या बँडपथकातला क्लॅरिनेटवाला वाट चुकून आमच्या दारी आला असावा, असा माझा क्षणभर समज झाला.

नोव्हेंबर आला आणि तेथून थंडीची खबर सुरू झाली. आमच्याकडे सकाळचे साडेसात वाजले, की तिकडे आदल्या रात्रीचे आठ वाजतात. त्यामुळे दर रविवारी न्याहारीच्या वेळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बाळ शनिवारी रात्री जेवून बसलेला दिसे, आणि जो मुलगा अजून शनिवारात आहे त्याला रविवारच्या गोष्टी सांगाव्यात की नाही, या संभ्रमात मातोश्री बराच वेळ घालवीत. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारले, “थंडी किती हाय?”

“आजी, आज वीस आहे.”

आमच्या भिंतीवरच्या यंत्रात चौदा होते. मातोश्रींनी अंगावरची शाल नीट केली, आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले आणि म्हणाल्या, “आरं, मग तिथं आमच्यापरीस ऊब हाय की! सेटर कशापायी नेलंस?”

ते वीस अंश फॅरनहाइटचे असून आमच्या हिशेबी शून्याखाली जवळजवळ सात भरतात, हे समजावून देण्यात माझा सबंध सप्ताह गेला. बत्तीस वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा, असे कोष्टक मी करून भिंतीवर लावले. पण मातोश्रींचे म्हणणे असे, की थंडी मोजायला एवढे गणित लागत असेल तर ती थंडी मुळात पडलीच नसावी. डिसेंबरअखेर बाळाचे आकडे खाली घसरत घसरत शून्यातून पार झाले, आणि जानेवारीतल्या एका रविवारी तो वाऱ्यासकट जाणवणाऱ्या थंडीचा आकडा म्हणून “उणे चाळीस” म्हणाला. मी सवयीने कोष्टकाकडे वळलो, आणि काय सांगावे, उत्तर उणे चाळीसच आले! ही दोन मापे त्या एकाच बिंदूवर एकमेकांस मिळतात, हे शाळेत शिकवले असेलही. परंतु दोन निरनिराळ्या खात्यांचे आकडे उभ्या हयातीत कधीही न जुळलेले पाहिलेल्या माझ्यासारख्या कारकुनाच्या डोळ्यांत त्या ताळ्याने पाणी उभे राहिले. बंधूंना वाटले, मी पुतण्याच्या काळजीने रडतो आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

त्या संस्थानातील नीचांक याहूनही खाली आहे. टॉवर नावाच्या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा उणे साठ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या उणे एक्कावन्नापर्यंत उतरला होता. हे बाळाने सांगितले त्या दिवशी आमच्या मनालीवाल्या गृहस्थांनी मफलर काढून घडी घातला आणि पुन्हा थंडीवर बोलले नाहीत, अर्थात आठवडाभरच.

शाळेची हकीकत थंडीहून कमी चित्तवेधक नव्हती. पहिल्याच तासाला शिक्षिका आत येताच बाळ आपल्या संस्कारांस अनुसरून ताडकन उठून उभा राहिला. वर्गात अन्य कोणीही उठले नव्हते. बाईंनी त्याच्याकडे मोठ्या सहानुभूतीने पाहिले, खणातून एक लाकडी पट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली. तो परवाना होता. तेथे तास चालू असता विद्यार्थ्यास लघुशंकेस जावयाचे तर असा परवाना बाळगावा लागतो, आणि मार्गात कोणी हटकल्यास तो दाखवावा लागतो. बाळाला शंका नव्हती. परंतु गुरूने दिलेली वस्तू परत कशी करावी, म्हणून तो निमूटपणे बाहेर जाऊन पाच मिनिटे भिंतीकडे पाहत उभा राहिला आणि परत आला. दुसऱ्या तासाला दुसऱ्या बाई. पुन्हा तो उठला, पुन्हा परवाना. तिसऱ्या दिवशी शाळेच्या परिचारिकेने त्याला बोलावून, पाणी किती पितोस, असे हलक्या आवाजात विचारले, तेव्हा कोठे हा गुंता सुटला.

पुस्तके ठेवावयास प्रत्येकास भिंतीतले एक लोखंडी कपाट मिळते, त्याला किल्ली नसते. एक तबकडी उजवीकडे, मग डावीकडे एक फेरा जास्त, मग पुन्हा उजवीकडे अशी ठराविक आकड्यांवर फिरवावी लागते. दोन तासांमध्ये अवधी पाच मिनिटांचा, वर्ग इमारतीच्या दोन टोकांना, आणि आमचा बाळ कपाटासमोर उजवे-डावे करीत उभा. अखेर त्याने कपाटाचा नाद सोडून सर्व पुस्तके कोटाच्या आत बाळगण्यास आरंभ केला, त्यामुळे भारतीय आहार फार पौष्टिक असतो, असा समज शाळेत पसरला. हत्तींविषयीचे प्रश्न तर रोजचेच. आमच्या गावी हत्ती नाहीत, ट्रॅक्टर आहेत, हे तो प्रथम पोटतिडकीने सांगे. पुढे पुढे त्याच्या लक्षात आले, की या उत्तराने समोरच्याचा चेहरा पडतो. तेव्हा त्याने घरी दोन हत्ती असल्याचे मान्य केले, आणि लागलीच पुढचा प्रश्न आला तो, त्यांना गॅरेज किती मोठे लागते, हा.

शाळेत जावयाची ती पिवळी बस, जिचा रंग 1939 साली शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेने ठरविला, ती थांबून बाजूची लाल पाटी बाहेर काढते तेव्हा रस्त्यावरची दोन्ही बाजूंची वाहतूक आपणहून उभी राहते. हे वाक्य बाळाने पडद्यावर सांगितले तेव्हा आमच्या ढेबेवाडी फाट्यावर रोज जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारे बंधू काही वेळ बोलू शकले नाहीत. “कुणी हॉर्नसुद्धा नाही वाजवत?” एवढेच त्यांनी विचारले.

आणि हिमाची सुट्टी! रात्री फार बर्फ पडण्याचा वा थंडीचा कडाका वाढण्याचा संभव असला, की सुट्टी मिळावी म्हणून तिकडची पोरे रात्री पायजमा उलटा करून घालतात आणि उशीखाली चमचा ठेवून निजतात. विज्ञानाच्या त्या माहेरघरी हा तोडगा चालतो हे कळल्यावर मातोश्रींचे अमेरिकेविषयीचे मत कमालीचे सुधारले. चमच्याने साधले नाही तर सरकार आहेच: 6 जानेवारी 2014 रोजी केवळ थंडीपायी साऱ्या मिनेसोटातील सरकारी शाळा बंद ठेवण्याचा हुकूम तेथील गव्हर्नरांनी काढला होता. बाळाच्या वाट्यालाही अशा सुट्ट्या आल्या, आणि त्यांतल्याच एका सुट्टीच्या आदल्या रात्री नळाचे प्रकरण घडले.

ते समजण्यासाठी आमच्या गावाचे पाणी ठाऊक हवे. 2009च्या सुमारास आमच्या मलकापुराने चोवीस तास नळाला पाणी, आणि प्रत्येक नळाला मीटर, अशी योजना अंमलात आणली; ती पाहण्यास ठिकठिकाणचे अधिकारी येऊन गेले आणि गावाचे नाव देशभर झाले. पाणी अखंड, पण थेंबाथेंबाचा हिशेब. सबब आमच्या गावातले मूल बोलू लागण्यापूर्वी नळ बंद करावयास शिकते. बाळ तर या मीटरयुगातच वाढलेला. ठिबकणाऱ्या नळाचा आवाज आला, की तो गाढ झोपेतून उठतो.

त्या रात्री बाहेर उणे तीस. झोपण्यापूर्वी यजमानीणबाईंनी स्वयंपाकघरातला नळ किंचित ठिबकत ठेवला, कारण बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या नळीतले पाणी हलते राहिले म्हणजे गोठत नाही, आणि गोठले तर नळी फुटते. हे त्यांनी बाळाला सांगितलेही होते, पण ते बाळाच्या बुद्धीस सांगितले होते, हातास नव्हे. रात्री बाराला त्याने उठून नळ बंद केला. बाई पाणी प्यायला आल्या, त्यांनी पुन्हा तो किंचित उघडला. दोनला बाळ पुन्हा उठला. त्याला वाटले, बाई बिचाऱ्या थकून जातात, विसरल्या असतील. एवढ्या सुस्थितीतल्या घरात एवढा निष्काळजीपणा कसा, याचे त्याला मनोमन वाईटही वाटले, आणि या खेपेस त्याने नळ चांगला करकचून पिळला.

पहाटे भिंतीत काहीतरी कडाडले.

“मग?” मी पडद्याकडे सरकून विचारले.

“मग काय काका, चोवीस तास पाणी.”

“बाई काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, याहून वाईटही होऊ शकलं असतं.”

मिनेसोटातली माणसे कोणत्याही आपत्तीवर हेच म्हणतात, असे तोवर बाळाच्या ध्यानी आले होते. घर जळाले तरी ती अंगण शाबूत असल्याचा उल्लेख करतील. नळ दुरुस्त करणारा दुपारी आला, भिंत फोडली गेली, आणि संध्याकाळी यजमानीणबाईंनी, पोर घाबरले असेल म्हणून, त्याच्यासाठी केक भाजला. आमच्या घरी असे झाले असते तर भाजण्यात आले असते ते काही निराळेच.

त्या लोकांचा स्वभाव बाळाला मुळीच परका वाटला नाही. कोणी काही देऊ केले, की प्रथम नको म्हणावयाचे, दुसऱ्यांदाही नको म्हणावयाचे आणि तिसऱ्यांदा, आग्रहच असेल तर, म्हणून घ्यावयाचे, ही मिनेसोटाची रीत. तेव्हा यात त्याला शिकावे असे काय होते? बशीतला शेवटचा तुकडा तेथेही कोणी उचलीत नाही. आणि निरोप! नाताळात यजमानांच्या वडील मंडळींकडे, सुपीरियर सरोवराकाठच्या दुलुथ शहरी जावयाचे ठरले, तेव्हा वाटेत एका स्नेह्यांकडे क्षणभर थांबून निघताना, आता निघतो, असे म्हणून सर्वजण उठले. मग दिवाणखान्यात उभ्याने, मग दारात, मग पायरीवर, मग मोटारीची काच खाली करून, असा तो निरोप चालला, आणि उणे वीस अंशांत काचेत डोके घालून ते स्नेही आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची कथा सांगत राहिले. आमच्या मातोश्री फाटकात उभ्या राहून पाहुण्यांना मुळातली गोष्ट नेमकी त्याच वेळी सांगू लागतात, याची आठवण होऊन बाळाचा कंठ दाटून आला.

मोटारीत फावडे, ब्लँकेट, मेणबत्ती, काडेपेटी, चॉकलेट आणि वाळूची पिशवी असा संसार असतो. रस्त्यात अडकून पडल्यास जगण्याची ती तजवीज. तो संसार कामी आला. एका वळणावर मोटार, कोणतीही घाई न करता, अत्यंत सभ्यपणे रस्त्यावरून घसरत बाजूच्या चरात जाऊन बसली. यजमान पांढरेफटक पडले. बाळ मात्र शांत होता, कारण ज्याने गळिताच्या हंगामात, कराडच्या रस्त्यांवर, मागचा दिवा नसलेल्या, दोन-दोन ट्रॉल्यांतून ऊस डुलवीत नेणाऱ्या ट्रॅक्टरांमागे दुचाकीवरून रात्रीचा प्रवास केलेला आहे, त्याला निव्वळ बर्फाने काय होणार? पाच मिनिटांत तीन अनोळखी गाड्या आपणहून थांबल्या, दोर बांधून मोटार वर ओढली गेली, आणि मग अर्थातच निरोपास अर्धा तास लागला.

परतीच्या वाटेवर त्याला मिल लॅक्स नावाच्या प्रचंड तळ्यावर नेले, आणि ‘वर’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. तळे गोठले, की त्यावर लोक लाकडी खोपट्या नेऊन ठेवतात, बर्फातूनच रस्ते काढतात, मोटारी उभ्या करतात आणि खोपटीत शेगडीपाशी बसून, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून मासा येण्याची प्रतीक्षा करतात. माणसाने चालावयाचे तर किमान 4 इंच जाड बर्फ हवा, मोटारीस त्याहून पुष्कळ जाड, असे सरकारी मान आहे. दिवसभर बसून बाळाला एकही मासा लागला नाही, यजमानांनाही नाही, आणि दोघांपैकी कोणी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. मला मात्र या प्रकरणातली एक बाब अंतःकरणास भिडली. मार्चातल्या ठराविक तारखेच्या आत या सर्व खोपट्या तळ्यावरून हलविण्याचा सरकारी हुकूम असतो, आणि त्या हलतात. अतिक्रमणाच्या नोटिसांचे मसुदे करण्यात माझी नोकरी सरली. मुदतीत आपणहून हटलेले अतिक्रमण मी पाहिले नव्हते. बाळाने खुलासा केला, की तेथे खोपटी न हलवल्यास ती सरकार नव्हे, तळेच जप्त करते. ही तरतूद आपल्या महसूल कायद्यात कशी घालावी, यावर मी अद्याप विचार करीत आहे.

नाताळनिमित्त यजमानीणबाईंनी आमच्यासाठी लोकरी मोज्यांचे पार्सल धाडले, पत्त्यावर मलकापूर, महाराष्ट्र, एवढेच लिहून. महाराष्ट्रात मुंबई-नागपूर लोहमार्गावर एक मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात आहे, दुसरे कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीकडे, आणि तिसरे आमचे. पार्सलाने तिन्ही पाहिली. ते एप्रिलात, ऐन उन्हाळ्यात आमच्या हाती पडले, आणि मातोश्रींनी, पोरीने एवढ्या लांबून धाडले म्हणून, ते मोजे चाळीस अंशांत दिवसभर पायांत घातले.

विनिमय म्हटला की येथून गेला तसा तेथून येणारही. बाळाच्या खोलीत मिनेसोटाकडचाच एक सतरा वर्षांचा मुलगा हिवाळ्यापुरता आमच्या घरी राहावयास आला. डिसेंबरात आम्ही सर्वजण गुंडाळून बसलेलो असता तो अर्ध्या चड्डीत, अनवाणी, अंगणात फिरे आणि रात्री पंखा लावी. गल्लीतल्या बायाबापड्या त्याला पाहण्यास येत. एके पहाटे तो प्रीतिसंगमावर जाऊन कृष्णा-कोयनेच्या पाण्यात पोहून आला, तेव्हा त्याला काही नवस असावा, असे सर्वानुमते ठरले.

त्याचे नाव येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीस दाखल केले होते. तो वेळेवर जाई. वर्गात तो आणि बाके असत, कारण पटावरील उर्वरित विद्यार्थी खाजगी क्लासला गेलेले असत. प्राध्यापक दारातून डोकावत, आत कोणी नसल्याची खात्री करून परतण्याच्या बेतात असताना त्यांना हा एक गोरा विद्यार्थी वही उघडून बसलेला दिसे, आणि नाइलाजाने त्यांना सबंध तास शिकवावा लागे. विषय इंग्रजी. प्राध्यापकांच्या घरी यावरून कटकटी सुरू झाल्याचे कानावर आले.

परंतु पौषात तो मुलगा बदलला. प्रथम त्याने पंखा बंद केला, मग मोजे घातले, मग एका सकाळी तो मातोश्रींच्या घोंगडीत, न्हाणीघराच्या बंबापाशी हात शेकत उकिडवा बसलेला आढळला. नाक लाल झाले होते. उणे चाळीसच्या मुलखातला गडी आमच्या तेरा अंशांपुढे नमला! विचारता तो मोडक्या मराठीत म्हणाला, “काका, आमच्याकडे थंडी बाहेर. इथं थंडी घरात.” त्याचे म्हणणे खरे होते. तिकडे बाहेर काहीही असो, घर वीस अंशांवर उबदार; आमच्याकडे फरशी थंड, भिंती थंड, खिडक्या फटीच्या, आणि थंडी एकदा आत आली की होळीपर्यंत मुक्कामास. मातोश्रींनी त्याला सुंठ-गुळाचा काढा पाजला आणि कान बांधून दिले. त्याच्यानंतर येणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्यास त्याने जो तपशीलवार इशारा लिहून पाठविला तो मी पाहिला आहे, आमचे एस. टी. चालकही इतक्या खोलात गेले नव्हते.

बाळ जुलैत परतला, सुखरूप आणि जाड होऊन. ज्याला त्याला एकच जाणून घ्यावयाचे होते, की तिकडे कांदे काय भाव. पुढे डिसेंबर आला, मलकापुरात पारा चुकून नवावर उतरला, आणि त्या महिन्याचे पाण्याचे बिल पाहून बंधूंनी मला हाक मारली. मीटरचा आकडा जवळपास दुप्पट झाला होता. चौकशीअंती असे निष्पन्न झाले, की बाळ रोज रात्री झोपण्यापूर्वी स्वयंपाकघरातला नळ किंचित ठिबकत ठेवीत होता.

“पाइप फुटेल म्हणून,” तो म्हणाला.

मी तत्काळ बिलात सूट मिळण्यासाठी अर्जाचा मसुदा केला. वाढीव वापर हा अर्जदाराच्या पुतण्यास मिनेसोटा संस्थानी लागलेल्या सवयीचा परिणाम असून त्यात अर्जदाराच्या कुटुंबाचा कोणताही हेतुपुरस्सर दोष नाही, सबब मेहेरबानांनी कृपावंत होऊन, इत्यादी. पाठविण्यापूर्वी तो मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांस, निवृत्त शिरस्तेदारांस, नजरेखालून घालण्यास दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, खिशातले लाल शाईचे पेन काढले आणि समासात सुवाच्य अक्षरांत शेरा मारला: “कारण हद्दीबाहेरील. थंडीचा पंचनामा जोडलेला नाही. अर्ज दप्तरी दाखल.”